शेल: कोणता निवडावा, किती सजवावा

लिनक्स किंवा मॅक वापरणाऱ्या बहुतेकांनी आपला शेल स्वतः निवडलेला नसतो. मशीन हातात आले तेव्हा जो होता तोच वर्षानुवर्षे चालू राहतो. त्याच्या सेटिंगच्या फाइली कधी सहकाऱ्याकडून, तर कधी इंटरनेटवरून उचललेल्या असतात. दिवसभर ज्याच्याशी बोलायचे त्या प्रोग्रॅमची इतकी कमी ओळख असावी, हे मला खटकते. शेल बदलणे किंवा तो आपल्या हाताला बसेल असा करून घेणे अवघड नाही. मात्र आधी एक भेद पक्का करायला हवा. समोर बसून आपण ज्याच्याशी बोलतो तो शेल आणि ज्याच्यासाठी स्क्रिप्ट लिहितो तो शेल, हे दोन्ही एकच असायला हवेत असे मुळीच नाही.

या लेखात कमांडची आणि फाइलींची नावे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरे वापरायची.

## शेल नेमके काय करतो

काळी खिडकी म्हणजे टर्मिनल. तिचे काम अक्षरे रंगवणे आणि कीबोर्डवरची बटणे पुढे पाठवणे एवढेच. त्या खिडकीत बसलेला शेल आपण टाइप केलेली ओळ वाचतो, तिचे शब्द पाडतो, व्हेरिएबलांच्या जागी किमती घालतो, ताऱ्याच्या खुणेच्या जागी फाइलींची नावे भरतो, एकाचे आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला जोडतो आणि मग प्रोग्रॅम सुरू करतो. 'एलएस' या कमांडला तारा कधी दिसतच नाही, तिच्यापर्यंत तयार नावांची यादी पोहोचते. डॉसमध्ये हे काम ज्याच्या त्याच्या प्रोग्रॅमवर सोडलेले होते. त्यामुळे तिथे एक प्रोग्रॅम तारा समजून घेई आणि दुसरा घेत नसे.

शेल हा कर्नलचा भाग नाही, 'एलएस'सारखाच एक साधा प्रोग्रॅम आहे. बॅशमध्ये बसून 'डॅश' असे टाइप केले, तर आतल्या आत दुसरा शेल सुरू होतो आणि 'एक्झिट' म्हटले की आपण परत मूळ जागी येतो. ज्याला जुना आवडला नाही त्याने नवा लिहावा, ही मुभा युनिक्सने सुरुवातीपासूनच दिली. म्हणून आज आपल्यापुढे इतके शेल आहेत.

## बोर्न आणि बर्कली

केन थॉम्पसन यांचा पहिला शेल १९७१ सालचा, युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आलेला. आउटपुट फाइलीत वळवण्याची खूण त्यात होती. डग मॅकिलरॉय यांनी पाइपचा आग्रह धरला आणि १९७३ मध्ये थॉम्पसन यांनी तो शेलमध्ये आणला. पण या शेलमध्ये प्रोग्रॅमिंग जवळपास नव्हतेच, 'इफ' आणि 'गोटू'सुद्धा बाहेरचे स्वतंत्र प्रोग्रॅम होते.

ती उणीव बेल लॅब्जमधल्या स्टीफन बोर्न यांनी भरून काढली. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत त्यांचा शेल आला. बोर्न अल्गॉल ६८ या भाषेच्या वळणाचे, म्हणून त्यांच्या शेलमध्ये 'इफ' उलटा करून 'फाय'ने आणि 'केस' उलटा करून 'ईसॅक'ने बंद होतो. याच न्यायाने 'डू' हा 'ओडी'ने संपायला हवा होता, पण 'ओडी' नावाची कमांड युनिक्समध्ये आधीपासून होती. म्हणून 'डन' आला. आज आपण लिहितो ते प्रत्येक लूप त्या अडचणीची खूण बाळगून आहे.

त्याच सुमारास बर्कलीत बिल जॉय यांनी सी शेल लिहिला. बोर्न यांचे लक्ष स्क्रिप्टवर होते, जॉय यांचे समोर बसलेल्या माणसावर. मागची कमांड उद्गारचिन्हाने परत बोलावणे, एलिअस, होम डिरेक्टरीसाठी नागमोडी खूण आणि चालू काम मागे टाकून पुन्हा पुढे आणणे, या सोयी सी शेलमुळेच घराघरांत पोहोचल्या. स्क्रिप्टसाठी मात्र तो कमकुवत निघाला. म्हणजे बोलायचा शेल आणि लिहायचा शेल हा भेद १९७९ मध्येच उघड झाला होता.

दोन्ही बाजू एकत्र आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न डेव्हिड कॉर्न यांचा. १९८३ मध्ये जाहीर झालेल्या त्यांच्या शेलमध्ये बोर्नची भाषा होती, सी शेलच्या सोयी होत्या आणि शिवाय व्हीआय किंवा ईमॅक्सच्या पद्धतीने ओळ दुरुस्त करता येत होती. १९९२ च्या पॉझिक्स मानकातली शेलची व्याख्या मुख्यतः याच परंपरेवर उभी आहे. पण कॉर्न शेल एटी अँड टीच्या मालकीचा होता आणि त्याचा सोर्स २००० साली खुला झाला. तोवर ब्रायन फॉक्स यांनी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठी लिहिलेला, १९८९ मध्ये बाहेर पडलेला बॅश सगळीकडे पसरला होता. चेट रॅमी तीन दशकांहून अधिक काळ त्याची देखभाल करत आहेत.

झी शेल १९९० चा. प्रिन्स्टनमध्ये विद्यार्थी असलेल्या पॉल फॉलस्टॅड यांनी तो लिहिला आणि तिथले शिक्षण साहाय्यक झाँग शाओ यांच्या लॉगिन नावावरून त्याला नाव दिले. ॲक्सेल लिल्येनक्रांट्झ यांचा फिश २००५ मध्ये आला.

## स्क्रिप्टसाठी कोणता

इथे माझे मत ठाम आहे. इतरांच्या मशीनवर चालायची स्क्रिप्ट पॉझिक्स शेलसाठी किंवा बॅशसाठी लिहावी. स्वतःच्या रोजच्या वापराला झी शेल किंवा फिश असला तरीही.

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत '/बिन/एसएच' असे लिहिले की ती बॅशनेच चालेल, असे अनेकांना वाटते. उबुंटूने २००६ मध्ये ६.१० या आवृत्तीपासून '/बिन/एसएच'च्या जागी डॅश बसवला आणि पुढे २०११ मध्ये डेबियनच्या ६.० आवृत्तीनेही तेच केले. डॅश लहान आहे, चटकन सुरू होतो, आणि मशीन चालू होताना तेव्हा पुष्कळ छोट्या स्क्रिप्ट धावत, तिथे हा फरक कळे. पण त्यात ॲरे नाहीत, दुहेरी चौकटी कंसातली तपासणी नाही, 'सोर्स' ही कमांडही नाही, तिच्या जागी टिंब वापरावे लागते. बॅशचीच वैशिष्ट्ये वापरायची असतील तर पहिल्या ओळीत बॅशचे नाव स्पष्ट लिहावे.

मॅकवर आणखी एक अडचण आहे. बॅशची ४.० ही आवृत्ती २००९ मध्ये जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आली. ॲपलने ती घेतली नाही, आणि मॅकबरोबर येणारा बॅश अजूनही ३.२ चाच आहे. नावाने शोधता येणारे ॲरे त्यात नाहीत. लिनक्सवर बिनतक्रार चाललेली स्क्रिप्ट मॅकवर अडखळते त्याचे कारण बहुधा हेच. २०१९ मध्ये मॅकच्या कॅटलिना आवृत्तीने नव्या वापरकर्त्यांसाठी झी शेल हा मूळ शेल केला, तेव्हापासून हा घोळ वाढलाच आहे.

कारण झी शेल दिसतो बॅशसारखा, पण काही मूलभूत बाबतींत वेगळा वागतो. समजा फाइलीचे नाव 'वीज बिल.पीडीएफ' आहे आणि ते एका व्हेरिएबलमध्ये ठेवले आहे. अवतरणचिन्हांशिवाय ते 'आरएम'ला दिले, तर बॅश मधल्या जागेवर तुकडे पाडतो आणि 'वीज' व 'बिल.पीडीएफ' अशा दोन फाइली पुसायला जातो. झी शेल आणि फिश नाव अखंड ठेवतात. त्यांचे वागणे जास्त शहाणपणाचे आहे, यात शंका नाही. पण ज्याला त्याची सवय झाली तो बॅशची स्क्रिप्ट लिहितानाही अवतरणे गाळतो, आणि मराठी नावांच्या फाइलींत तर मधली जागा हमखास असते. ॲरेतला पहिला घटक बॅशमध्ये शून्य क्रमांकाचा, झी शेल आणि फिशमध्ये एक क्रमांकाचा. ताऱ्याला एकही फाइल जुळली नाही, तर बॅश तो तारा तसाच पुढे ढकलतो. इतर दोघे चूक दाखवून थांबतात.

शेलचेक नावाचे मोफत साधन अशा जागा ओळीसकट दाखवून देते. ते न चालवता स्क्रिप्ट सर्व्हरवर टाकू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो.

आपल्याकडच्या अनेकांची शेल प्रोग्रॅमिंगशी पहिली भेट नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या 'युनिक्स शेल प्रोग्रॅमिंग' या पुस्तकातून झाली. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात लिनक्सचे आणि बॅशचे धडे आहेत. कॉलेजच्या प्रयोगवहीपुरते शिकून सोडून दिलेल्यांनी तिथून पुन्हा सुरुवात करायला हरकत नाही.

## बोलायला कोणता

बॅशची मोठी ताकद म्हणजे तो कुठेही भेटतो. अनोळखी सर्व्हरवर लॉगिन केले की बहुधा तोच समोर असतो. दिवसातून दहा वेगवेगळ्या मशीनवर जाणाऱ्या सिस्टिम ॲडमिनने बॅशच नीट शिकावा.

झी शेलची खरी श्रीमंती त्याच्या फाइल निवडण्याच्या पद्धतीत आहे. ताऱ्यानंतर कंसात खुणा घालून फक्त डिरेक्टऱ्या, फक्त साध्या फाइली किंवा सर्वांत ताज्या पाच फाइली निवडता येतात. एरवी त्यासाठी 'फाइंड', 'सॉर्ट' आणि 'हेड' यांची साखळी रचावी लागते. टॅब दाबल्यावर पर्यायांची यादी येते आणि बाणांनी तीत फिरता येते. लोक झी शेल घेतात ते मात्र बहुधा रंगीत प्रॉम्प्टसाठी, आणि ही निवडीची विद्या तशीच पडून राहते. याची मला हळहळ वाटते.

फिशचा स्वभाव निराळा. काहीही न बदलता तो वापरायला तयार असतो. टाइप करता करता चुकीची कमांड लाल दिसते, जुन्या कमांडींवरून पुढची अक्षरे फिकट रंगात सुचवली जातात, आणि मशीनवरची मॅन्युअलची पाने वाचून तो पर्यायांची यादी स्वतः तयार करू शकतो. किंमत एवढीच की त्याची भाषा पॉझिक्स नाही. व्हेरिएबलला किंमत द्यायला 'सेट' लागतो, प्रत्येक ब्लॉक 'एंड'ने संपतो. दोन कमांडच्या मधल्या दुहेरी अँडची सोयसुद्धा ३.० आवृत्तीपासूनच आली. कुणी दिलेली बॅशची ओळ फिशमध्ये चिकटवली की ती कधी चालते, कधी नाही. २०२५ मध्ये आलेली ४.० ही आवृत्ती सी प्लस प्लसमधून रस्टमध्ये नव्याने लिहिलेली आहे, पण वापरणाऱ्याला तो बदल जाणवू नये अशी काळजी घेतलेली आहे.

टर्मिनलची भीती वाटणाऱ्या नवशिक्याला मी फिश सुचवेन. ज्याला शेलच्या पोटात शिरायचे आहे त्याला झी शेल.

## कोणती फाइल कधी वाचली जाते

सेटिंग चालत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ओळ बरोबर लिहिलेली असते, पण चुकीच्या फाइलीत.

बॅश लॉगिन शेल म्हणून सुरू झाला, तर आधी '/ईटीसी/प्रोफाइल' वाचतो. मग होम डिरेक्टरीत '.बॅश_प्रोफाइल', '.बॅश_लॉगिन' आणि '.प्रोफाइल' या क्रमाने जी पहिली सापडेल तेवढीच वाचतो, बाकीच्या सोडून देतो. त्यामुळे '.बॅश_प्रोफाइल' नव्याने तयार केली की '.प्रोफाइल'मधले सगळे बंद पडते. लॉगिन नसलेला, समोर बसून वापरायचा शेल फक्त '.बॅशआरसी' वाचतो. लिनक्सवर टर्मिनलची नवी खिडकी बहुधा असा साधा शेल उघडते, मॅकचे टर्मिनल लॉगिन शेल उघडते. दोन्हीकडे सारखे वागावे म्हणून '.बॅश_प्रोफाइल'मधून '.बॅशआरसी' वाचायची एक ओळ घालावी आणि बाकी सगळे '.बॅशआरसी'त ठेवावे.

झी शेलची मांडणी जास्त सरळ आहे. '.झेडएसएचईएनव्ही' प्रत्येक वेळी वाचली जाते, स्क्रिप्ट चालतानाही. '.झेडएसएचआरसी' फक्त समोर बसून वापरताना वाचली जाते. पहिलीत जितके कमी तितके बरे. फिशला 'कॉन्फिग.फिश' ही एकच मुख्य फाइल पुरते.

एक गोष्ट आवर्जून टाळावी. '.बॅशआरसी'त स्वागताचा संदेश किंवा कोणतेही छापील वाक्य बिनअटीने घालू नये. दूरच्या मशीनवर एसएसएचने कमांड पाठवली तरी बॅश ही फाइल वाचतो, आणि ते वाक्य फाइलींच्या देवाणघेवाणीत घुसून एससीपी किंवा आरसिंक बिघडवते. कारण शोधताना माणूस हैराण होतो, कारण चूक दिसते एका कमांडमध्ये आणि असते दुसऱ्याच फाइलीत.

## प्रॉम्प्ट

बॅशमध्ये प्रॉम्प्ट 'पीएस१' या व्हेरिएबलमध्ये असतो. बॅकस्लॅशपुढे छोटा डब्ल्यू घातला की पूर्ण मार्ग दिसतो, मोठा घातला की फक्त शेवटची डिरेक्टरी. रंगाचे कोड घालताना ते बॅकस्लॅशसहित चौकटी कंसात बंद करावे लागतात. नाहीतर बॅश त्यांची लांबी अक्षरांत मोजतो आणि लांब ओळ दुमडताना आधीच्याच ओळीवर चढते.

प्रॉम्प्टमध्ये काय असावे? मी कुठे आहे, कोणत्या मशीनवर आहे, मागची कमांड फसली का, आणि गिटची कोणती शाखा चालू आहे. पहिली तीन तर हवीतच. प्रत्यक्ष ग्राहकांचा डेटा असलेल्या सर्व्हरवर मशीनचे नाव लाल रंगात ठेवावे, ही सवय सगळ्या थीमांपेक्षा जास्त उपयोगी आहे. गिटची शाखा दाखवणारी स्क्रिप्ट गिटबरोबरच मिळते. पण बदललेल्या फाइलींची मोजणीही प्रॉम्प्टमध्ये घातली, तर मोठ्या रिपॉझिटरीत प्रत्येक एंटरनंतर थांबावे लागते. स्टारशिप हे साधन तिन्ही शेलमध्ये एकच प्रॉम्प्ट देते. अनेक शेल वापरणाऱ्यांसाठी ते चांगले आहे.

## हिस्टरी

सजावटीत वेळ घालवायचाच असेल तर तो इथे घालवावा. महिन्यापूर्वी डोके खाजवून जुळवलेली लांबलचक कमांड दोन सेकंदांत परत मिळणे, यापेक्षा मोठा फायदा शेल दुसरा देत नाही.

बॅश मुळात फक्त ५०० कमांड लक्षात ठेवतो आणि त्या शेल बंद होताना फाइलीत लिहितो. दोन खिडक्या उघड्या असतील, तर नंतर बंद होणारी खिडकी आधीचीवर लिहू शकते. 'हिस्टॲपेंड' हा पर्याय चालू केला की नव्या कमांड शेवटी जोडल्या जातात. उबुंटूच्या तयार '.बॅशआरसी'त तो असतो, पण संख्या तिथेही १००० च ठेवलेली आहे. ती खुशाल एक लाख करावी. झी शेलला हिस्टरीची फाइल आणि तिचा आकार सांगितला नाही, तर तो काहीच जपून ठेवत नाही. 'शेअर हिस्टरी' हा त्याचा पर्याय सगळ्या खिडक्यांची हिस्टरी एक करतो. तो काहींना आवडतो. मला एका खिडकीत वर बाण दाबल्यावर दुसरीकडची कमांड आलेली चालत नाही.

'हिस्टकंट्रोल'ला 'इग्नोरबोथ' ही किंमत दिली की लागोपाठच्या सारख्या कमांड आणि जागा सोडून सुरू केलेल्या कमांड नोंदल्या जात नाहीत. ज्या ओळीत पासवर्ड किंवा टोकन आहे ती एक जागा सोडून लिहावी.

शोधायला कंट्रोल-आर. जूनगन चोई यांनी २०१३ पासून विकसित केलेले एफझेडएफ बसवले की हाच शोध पडद्यावरच्या यादीत होतो, आणि शब्दांची मधली अक्षरे दिली तरी कमांड सापडते. ते बसवायचे नसेल, तर '.इनपुटआरसी' या फाइलीत वरच्या बाणाला 'हिस्टरी-सर्च-बॅकवर्ड' जोडावे. 'गिट' लिहून बाण दाबला की गिटपासून सुरू होणाऱ्याच कमांड येतात. फिशमध्ये या प्रकारचा शोध आयताच मिळतो.

## एलिअस आणि तयार चौकटी

लांब कमांडला छोटे नाव द्यावे, पण असलेल्या कमांडचा अर्थ बदलू नये. 'आरएम'चा एलिअस करून त्याला प्रत्येक वेळी विचारायला लावणारे पुष्कळ आहेत. 'विचारेलच' या भरवशावर हात सैल सुटतो, आणि जिथे तो एलिअस नाही अशा सर्व्हरवर नेमका घात होतो. कमांडच्या मध्ये काही घालायचे असेल तर फंक्शन लिहावे, एलिअसला ते जमत नाही. फिशची 'ॲब्रिव्हिएशन' ही सोय मला सर्वांत प्रामाणिक वाटते. जागा दाबताच छोट्या नावाचे पूर्ण कमांडमध्ये रूपांतर होते, त्यामुळे काय चालणार आहे ते डोळ्यांसमोर येते आणि हिस्टरीतही पूर्ण ओळ राहते.

रॉबी रसेल यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या ओह माय झी शेल या चौकटीमुळे झी शेल लाखोंपर्यंत पोहोचला. तिच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण वीस प्लगइन चालू करून ठेवले की नवी खिडकी उघडायला वेळ लागू लागतो. झी शेलचे 'झेडप्रॉफ' हे मॉड्यूल कोण किती वेळ खातो ते दाखवते. बहुधा दोषी एक-दोनच निघतात: भाषांच्या आवृत्त्या सांभाळणारे एखादे साधन, किंवा टॅबपूर्तीची यंत्रणा दोनदा सुरू होणे. ज्या ओळीचा अर्थ सांगता येत नाही ती काढून आठवडाभर काम करून पाहावे. जिची आठवण झाली तेवढीच परत घालावी.

## मराठीत काम करताना

लोकेल यूटीएफ-८ असेल तर देवनागरी नावांच्या फाइली तिन्ही शेल नीट हाताळतात. त्रास होतो तो पडद्यावर. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन देते, आणि काना-मात्रा-जोडाक्षरे त्यात मावत नाहीत. त्यामुळे कर्सर एका जागी दिसतो आणि अक्षर दुसऱ्याच जागी पुसले जाते. अशा वेळी पहिली दोन अक्षरे लिहून टॅब दाबणे हा सोपा उपाय आहे.

लिनक्सवर मराठीचे लोकेल उपलब्ध आहे. ते लावले की 'डेट' महिन्याचे नाव मराठीत देते. रोजच्या वापराला हे सुखाचे असले, तरी तारीख वाचून पुढचे ठरवणारी स्क्रिप्ट त्यामुळे मोडते. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'एलसी_ऑल'ला 'सी' ही किंमत द्यावी, म्हणजे ती कुणाच्याही मशीनवर सारखी चालेल. 'सॉर्ट'चा क्रमही मग बाइटप्रमाणे लागेल. नावांची यादी मराठी क्रमाने हवी असेल तिथे मात्र हे करू नये.

## शेल बदलताना

'सीएचएसएच' ही कमांड लॉगिन शेल बदलते. नव्या शेलचा पूर्ण मार्ग '/ईटीसी/शेल्स' या यादीत असावा लागतो. बदल केल्यावर जुनी खिडकी बंद करू नये. आधी दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करून पाहावे. सर्व्हरवर तर हे पाळायलाच हवे, कारण शेलचा मार्ग चुकला तर आत जायचे दारच बंद होते. रूटचा शेल आहे तोच राहू द्यावा.

फिश घेणाऱ्यांनी लॉगिन शेल बॅशच ठेवून टर्मिनलच्या सेटिंगमध्ये सुरुवातीची कमांड म्हणून फिश द्यावा. लॉगिन शेल बोर्नच्या पद्धतीचाच असेल असे गृहीत धरून चालणारी साधने अजून पुष्कळ आहेत. या व्यवस्थेत त्यांना धक्का लागत नाही, आणि फिश नकोसा झाला तर सेटिंगमधली एक ओळ पुसली की झाले.